कोकणच्या रात्री आणि स्लिपर ऑर्किड

मुंबईपासून गोव्यापर्यंतच्या पट्ट्यात डेंड्रोबियम आणि व्हँडा ही ऑर्किडं बिनतक्रार फुलतात. त्याच मांडवाखालचं स्लिपर ऑर्किड, म्हणजे पॅफिओपेडिलम (थोडक्यात ‘पॅफ’), मात्र पहिल्याच पावसाळ्यात कुजतं आणि ‘याला थंड हवा लागते’ असा शेरा मिळवतं.

शेरा अर्धाच खरा आहे. ईशान्य भारतातून येणाऱ्या इन्सिग्ने, व्हिलोसम, फेअरीएनम या डोंगरी जातींना तो लागू पडतो. त्यांना गार हिवाळा मिळाला नाही तर त्या कळी धरत नाहीत. किनाऱ्यावर त्यांच्या नादी लागू नये. थायलंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ चुनखडीच्या कड्यांवर, जवळजवळ समुद्रसपाटीवर वाढणारी एक्सुल, मलेशियाच्या लंकावी बेटावरची पांढरीशुभ्र निव्हियम, फिलिपिन्सची फिलिपिनेन्से या जातींना मात्र आपली हवा परकी नाही. पहिल्यांदाच लावणार असाल तर चट्ट्यापट्ट्यांच्या पानांचं ‘मॉडिए’ गटातलं संकरित रोप घ्या. तेच सर्वांत सोशिक. रोप बियांपासून वाढवलेलं, रोपवाटिकेतलंच हवं. सगळ्या पॅफना ‘साइट्स’ या, दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात संरक्षण आहे, त्यामुळे जंगलातून उपटलेल्या रोपांचा व्यापार बेकायदा ठरतो.

डेंड्रोबियमच्या जाड कांड्यांत पाणी आणि अन्न साठतं. पॅफला अशी कांडी नाही. पंख्यासारखी पानं आणि मोजकीच केसाळ मुळं, एवढाच त्याचा संसार. जंगलात ते सावलीत वाढतं, म्हणजे दिवसभराची कमाईही बेताची. त्यातली साखर रात्री श्वसनात खर्च होते आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो. दुपारी ३३ अंश असले तरी रात्री २२-२३ पर्यंत उतरलं तर रोप सावरतं. मे महिन्यात पहाटेसुद्धा २८ खाली न उतरणारी बाल्कनी त्याला हळूहळू खंगवते. नवं पान आधीच्या पानापेक्षा आखूड येऊ लागलं, की हे चालू आहे असं समजावं.

मग पाणी फवारून गारवा आणावा, ही सहज सुचणारी युक्ती किनाऱ्यावर फसते. हवा ३६ अंश आणि आर्द्रता २५ टक्के असेल, तर बाष्पीभवनाने ती साधारण २२ अंशांपर्यंत उतरू शकते. विदर्भातला कूलर चालतो तो याच हिशोबावर. पण ३२ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेत फार तर दोन अंश मिळतात, आणि पानांच्या बेचक्यात पाणी मात्र साचून राहतं. म्हणून फवारणीवर नव्हे, पंख्यावर खर्च करा. भिंतीवरचा साधा पंखा, पानं जेमतेम हलतील एवढ्या वेगावर, विशेषतः रात्री. पाणी दिल्यावर दोन तासांत पानं कोरडी झाली पाहिजेत. होत नसतील तर वारा कमी पडतोय.

उजेड ८,००० ते १२,००० लक्स (उजेड मोजायचं एकक) पुरतो. मोबाइलच्या ॲपवर अंदाज येतो. उघड्या जागी ७५ टक्के सावलीची जाळी लागते आणि तिच्यावर पारदर्शक छप्पर हवंच. जाळी ऊन अडवते, जूनचा पाऊस नाही.

कुंडी चार इंची, मातीची, बाजूंनीही भोकं असलेली. तिच्या अंगातून पाणी सुकतं, तेवढाच मुळांना थोडा गारवा. मिश्रणात १० ते १२ मिलिमीटरचे पाइनच्या सालीचे तुकडे दोन भाग, लाकडी कोळसा एक भाग, प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) किंवा भाजलेल्या मातीच्या गोळ्या दोन भाग. नारळाच्या सोडणाचे तुकडे स्वस्त पडतात, पण त्यांत क्षार असतात. वापरायचेच तर २४ तास भिजवा, मधे तीनदा पाणी बदला, आणि कालांतराने ते कुजतील हे धरून चाला. निव्हियम आणि एक्सुलसाठी मूठभर मिश्रणाला चमचाभर शिंपल्यांचा चुरा, मीठ पूर्ण धुऊन काढलेला. चुनखडीवरच्या या जातींना कॅल्शियम मानवतं.

कुंडी पावसाळा ओसरल्यावर बदलावी. जूनमध्ये मुळांना झालेली जखम सुकतच नाही. नव्या फुटव्याचं बूड मिश्रणात सेंटीमीटरभर गाडलेलं हवं. नवी मुळं तिथूनच निघतात, बूड उघडं राहिलं तर ती हवेतच सुकतात.

पाणी सकाळी नऊच्या आत, कडेने. मेमध्ये दिवसाआड, पावसाळ्यात चार-पाच दिवसांनी. पण दिवस मोजण्यापेक्षा कुंडीच्या वजनावर विश्वास ठेवा. बोअरचं जड पाणी टाळून पावसाचं साठवलेलं वापरा. १९-१९-१९ किंवा २०-२०-२० (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं) खत लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी भरपूर धुवा. पानांची टोकं काळी पडू लागली तर बहुधा क्षार साचलेत. अशा वेळी खत वाढवणं म्हणजे आगीत तेल.

नारळाचा कोंब कुजतो तशीच गत पॅफच्या पोंग्याची, म्हणजे मधल्या कोवळ्या कोंबाची होते. आधी पानाच्या बुडाशी तपकिरी, पाणचट डाग, मग दुर्गंधी. जिवाणूजन्य कूज एक-दोन दिवसांत अख्खा फुटवा खाते. पातं ज्योतीवर तापवून गार करा आणि निरोगी भागात सेंटीमीटरभर आत शिरून कापा. प्रत्येक कापानंतर पातं पुन्हा तापवा. कापावर दालचिनीची पूड लावा, पण मुळांवर सांडू देऊ नका. ती मुळंही सुकवते. तीन दिवस पाणी बंद, पंखा चालू. पानांच्या सांध्यातल्या पिठ्या ढेकणाला स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा पुरतो, मात्र दहा दिवसांनी पुन्हा पाहा. पावसाळ्यात रात्री बॅटरी घेऊन गोगलगाईही वेचाव्या लागतात, कोवळी मुळं त्यांना फार आवडतात.

फूल गळल्यावर दांडा बुडाशी कापा. केळीसारखाच इथेही एक फुटवा एकदाच फुलतो, पण केळीसारखा तो कापून टाकायचा नाही. त्याची जुनी पानं पुढची दोन-तीन वर्षं शेजारच्या पिल्लांना पोसतात.