डोकं, काळीज आणि चार खूर : पैदाशीच्या घोड्याच्या समाधीमागचा इतिहास

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात शर्यतीचा नामांकित घोडा मेला, तरी तो सहसा अख्खा पुरत नाहीत. डोकं, काळीज आणि चार खूर एवढंच मातीत जातं. डोकं त्याच्या हुशारीसाठी, काळीज हिमतीसाठी, खूर वेगासाठी, असा त्याचा अर्थ सांगतात. मला मात्र वाटतं की अर्थ मागाहून आला असावा. पाचशे किलोंच्या जनावराला केवढा खड्डा लागतो, हे कारण आधीचं. अख्खं पुरणं हा मान फार थोड्यांचा. ४ ऑक्टोबर १९८९ रोजी सेक्रेटेरियट हा शर्यतीचा गाजलेला घोडा गेला, तेव्हा त्याला सांभाळणाऱ्या क्लेबोर्न फार्मने तो मान त्याला दिला. लॅमिनायटिसने, म्हणजे खुरांच्या आतल्या दाहाने, त्याला उभं राहणं अशक्य झालं होतं, म्हणून शेवटी इंजेक्शन देऊन सोडवलं. वय १९.

१९७३ साली त्याने ट्रिपल क्राउन, म्हणजे एकाच हंगामातल्या तीन ठरावीक मोठ्या शर्यती जिंकण्याचा मान, मिळवला होता आणि त्याच वर्षी शर्यती थांबल्या होत्या. पुढची १६ वर्षं त्याचं काम एकच, पैदास. म्हणजे पुरला तो धावणारा घोडा नव्हता, शेकडो शिंगरांचा बाप होता. माणसं अशा बापासाठी हळहळू कधी लागली, हे शोधत गेलं की लक्षात येतं की ही रीत वाटते तितकी जुनी नाही.

घोडे पुरणं जुनं आहे, त्यात शंका नाही. युरेशियाच्या गवताळ प्रदेशात चार हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांत रथाबरोबर घोडेही सापडतात. पण ती थडगी माणसांची. घोडा तिथे सामानासारखा गेला, धन्याच्या सोबतीला मारून. घोड्याचं स्वतःचं थडगं ही वेगळी गोष्ट. हेरोडोटस सांगतो की ऑलिंपियात सलग तीनदा रथाची शर्यत जिंकणाऱ्या किमोनच्या घोड्या त्याच्या कबरीसमोरच पुरल्या होत्या. लक्षात घ्या, घोड्या. रोमन सम्राट हेड्रियनने बोरिस्थेनिस नावाच्या आपल्या शिकारीच्या घोड्यासाठी समाधी बांधून लेख कोरवला. अलेक्झांडरने बुसेफॅलसच्या नावाने झेलमच्या काठी शहरच वसवलं. आपल्याकडे हळदीघाटीजवळची चेतकची समाधी सगळ्यांना ठाऊक असते.

यातलं एकही स्मारक संततीसाठी नाही. कुणी रणात साथ दिली, कुणी शिकारीत, कुणी शर्यतीत. चेतकची शिंगरं किती होती, हे कुणी विचारत नाही. त्याची गोष्ट त्याच्या मरणापाशी पुरी होते. पैदाशीच्या घोड्याची तिथे पुरी होत नाही, आणि त्याच्यासाठीचा शोक वेगळा पडतो तो इथेच.

शिवाय नराकडून वंश मोजायची सवयही सार्वत्रिक नव्हती. अरबस्तानातल्या बदूंनी घोड्यांची घराणी मोजली ती आईकडून. शिंगरू कोणत्या घराण्याचं, हे घोडी ठरवायची. गंमत अशी की त्याच अरबी रक्ताचे नर इंग्लंडला पोचले आणि हिशेब उलटा झाला. डार्ली अरेबियन १७०४ मध्ये यॉर्कशरला आला. आजच्या थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठी पैदा केलेल्या जातीच्या, घोड्यांपैकी बहुतेकांची बापाकडची वेल त्याच्यापर्यंत जाते. बायर्ली टर्क आणि गोडॉल्फिन अरेबियन हे बाकीचे दोन मूळपुरुष. पुढे जनरल स्टड बुक निघालं, १७९१ मध्ये प्रस्तावनेचा भाग आणि १७९३ मध्ये पहिला खंड. घोड्यांचीही वंशावळ छापली जाऊ लागली. कागदावर नाव आलं की नावाला किंमत येते, आणि किंमत आली की थडग्यावर दगडही येतो. हा माझा तर्क आहे, पण तारखा त्याला साथ देतात.

गोडॉल्फिन अरेबियन १७५३ च्या नाताळच्या दिवशी केंब्रिजजवळच्या गॉग मॅगॉग टेकड्यांवर मेला. त्याला तबेल्याच्या कमानीखालीच पुरला आणि वर शिळा बसवली. ती आजही तिथे आहे. येणारीजाणारी प्रत्येक घोडी त्याच्यावरून जात असणार. पुढे एक्लिप्स नावाच्या घोड्याच्या दफनाला जमलेल्यांना केक आणि एल, म्हणजे एक प्रकारची बिअर, वाटल्याचं सांगतात. आजच्या नजरेला चमत्कारिक वाटेल, पण मयताला आलेल्यांना खाऊपिऊ घालण्याचीच ती रीत, फक्त घोड्यासाठी.

हा एक्लिप्स १७६४ च्या सूर्यग्रहणाच्या दिवशी जन्मला, म्हणून हे नाव. १८ शर्यती धावला, एकही हरला नाही. २७ फेब्रुवारी १७८९ रोजी पोटशुळाने गेला. मग जे झालं ते शोकाचं की कुतूहलाचं, सांगणं कठीण आहे. सेंबेल नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने त्याचं शवविच्छेदन केलं आणि काळीज तोलून १४ पौंड, म्हणजे सहा किलोंच्या वर, असल्याचं नोंदवलं. दोन वर्षांनी लंडनला पशुवैद्यक महाविद्यालय निघालं, त्याचा पहिला प्राध्यापक हाच सेंबेल. एक्लिप्सचा सांगाडा पुढे त्याच संस्थेकडे आला. पण तोवर ‘अस्सल एक्लिप्स’चे सांगाडे आणि खूर इतक्या ठिकाणी झाले होते की मोजणाऱ्याला सहा सांगाडे आणि नऊ पाय सापडले. १८३२ मध्ये राजा चौथ्या विल्यमने त्याचा एक खूर सोन्यात मढवून जॉकी क्लब या शर्यतींच्या संस्थेला दिला. संतांच्या अस्थींवरून भांडणं होतात, तसलाच प्रकार.

काळीज तोलायची ही हौस दोनशे वर्षांनीही गेली नाही. सेक्रेटेरियटच्या काळजाचा २२ पौंड हा आकडा जगभर सांगितला जातो, पण तो शवविच्छेदन करणाऱ्याचा अंदाज होता. काटा लावलाच नव्हता.

अमेरिकेत लेक्सिंग्टनची कथा याहून विचित्र. हा घोडा तरुणपणीच आंधळा झाला आणि उरलेलं आयुष्य वुडबर्न फार्मवर पैदाशीत गेलं. सोळा वेळा तो देशातला अव्वल पैदासकार ठरला. त्याचे मुलगे ऐन उमेदीत असताना यादवी युद्ध पेटलं. त्या युद्धातला उत्तरेचा सेनापती जनरल ग्रँट, त्याचा लाडका घोडा सिनसिनाटी हा याचाच मुलगा. १ जुलै १८७५ रोजी लेक्सिंग्टन मेला, त्याला पेटीत घालून पुरला, आणि काही वर्षांतच उकरून काढून सांगाडा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला दिला. २०१० मध्ये हाडं केंटकीला परत आली, तीही संग्रहालयातच. आदर म्हणून पुरलं आणि आदर म्हणूनच उकरलं.

हॅम्बलटोनियनच्या वाट्याला दगड आला, तोही उशिरा. विल्यम रिसडिक हा शेतावर राबणारा माणूस. १८४९ मध्ये त्याने एक लंगडी घोडी आणि तिचं शिंगरू १२५ डॉलरला घेतलं. त्या शिंगराने पुढे १,३३१ शिंगरं दिली आणि आज हार्नेस शर्यतीत, म्हणजे हलकी गाडी ओढत, धावणारे अमेरिकी घोडे जवळजवळ सगळे त्याच्या वंशातले. घोडा १८७६ मध्ये गेला, न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टर गावातला ग्रॅनाइटचा स्तंभ उभा राहिला १८९३ मध्ये. मॉर्गन जातीचा मूळपुरुष फिगर तर त्याहून दुर्दैवी. या हातातून त्या हातात विकला गेला, ओंडके ओढले, आणि १८२१ मध्ये, वयाच्या बत्तिशीच्या आसपास, दुसऱ्या घोड्याच्या लाथेची जखम चिघळून मेला. पुतळा झाला १९२१ मध्ये, शंभर वर्षांनी. जातीला नाव मिळालं तेही त्याचं नव्हे, मालकाचं.

म्हातारा स्टॅलियन, म्हणजे पैदाशीचा नर, जवळून कसा दिसतो, तेही सांगायला हवं. डोळ्यांवरचे खळगे खोल गेलेले असतात. पाठ मधोमध खचलेली. तरुणपणी मानेवर ताठ उभा असलेला मांसल उंचवटा एका अंगाला कललेला. दाढा झिजलेल्या, त्यामुळे गवत तोंडात घोळवून त्याचा ओला बोळा खाली टाकून देतो. दाणा भिजवून लापशीसारखा करून द्यावा लागतो. काहींचे केस उन्हाळ्यातही झडत नाहीत. खरारा करताना हाताला फासळ्या लागतात. आणि एवढं सगळं होऊनही पलीकडच्या वाटेने घोडी गेली की कान उभे राहतात, मान वर जाते, छातीच्या तळातून ती खोल साद येते. मोतद्दार हातातलं काम न थांबवता म्हणतो, “आज बरा दिसतोय.”

घोडा हा कळपाचा प्राणी, पण पैदाशीच्या घोड्याला बहुतेक ठिकाणी कळप मिळत नाही. मारामारीच्या भीतीने त्याचा तबेला वेगळा, पॅडॉक म्हणजे मोकळं सोडायचं कुंपणही वेगळं. घोडी येते ती तेवढ्यापुरती. मग वीस-पंचवीस वर्षांत त्याचा कळप म्हणजे रोज दोनदा दाणा घेऊन येणारा माणूस. मालक छायाचित्रात असतो. मेल्यावर दार उघडं ठेवून पाच मिनिटं रिकाम्या तबेल्यात उभा राहणारा सहसा दुसराच कुणीतरी.

विल हार्बट हा असा माणूस. मॅन ओ’ वॉर २१ शर्यतींपैकी २० जिंकून १९२० मध्ये निवृत्त झाला, आणि १९३० पासून केंटकीच्या फॅरावे फार्मवर हार्बटने त्याला सांभाळलं. घोड्याला बघायला लाखो लोक आले. हार्बट त्यांना तबेल्यापाशी उभं करून त्याची सगळी कारकीर्द सांगायचा आणि शेवटी म्हणायचा की असा घोडा आजवर झाला नाही. तो कृष्णवर्णीय होता, तबेल्यांत राबणाऱ्या अनेकांसारखा. इतिहासात अशा बहुतेकांची नावं राहिली नाहीत, याचं राहिलं. ऑक्टोबर १९४७ मध्ये हार्बट वारला. घोड्यांच्या व्यवसायातल्या एका साप्ताहिकाने त्याच्या मागे राहिलेल्यांत बायको, मुलगे, मुली यांच्याबरोबर मॅन ओ’ वॉरचंही नाव दिलं. १ नोव्हेंबरला, महिनाही पुरा व्हायच्या आत, तीस वर्षांचा घोडाही गेला.

त्याचं शव रसायनं भरून टिकवलं. मालकाच्या शर्यतीच्या रंगांचं, पिवळं-काळं अस्तर लावलेल्या ओकच्या पेटीत ते दर्शनाला ठेवलं. दफन ४ नोव्हेंबरला झालं. हजारोंची गर्दी, भाषणं, आणि सगळं रेडिओवरून थेट. पुढे थडग्यावर हर्बर्ट हॅझेलटाइनने घडवलेला ब्राँझचा पुतळा आला आणि १९७० च्या दशकात पुतळ्यासकट अवशेष केंटकी हॉर्स पार्कमध्ये हलवले. मला या सोहळ्यापेक्षा ती मृत्युवार्तेतली एक ओळ जास्त भिडते. घोडा माणसाच्या मागे ‘राहिला’, असं तिने सरळ मांडलं.

पण असा निरोप मिळणारे मोजके. एक्सेलरने १९७८ मध्ये सिॲटल स्ल्यू आणि अफर्म्ड या दोन ट्रिपल क्राउन विजेत्यांना हरवलं होतं. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या कत्तलखान्यात त्याचा शेवट झाला. १९८६ ची केंटकी डर्बी जिंकणारा फर्डिनँड पैदाशीसाठी जपानला विकला गेला. तिथे घोड्या येईनाशा झाल्या आणि २००२ मध्ये त्याचंही तेच झालं. बातमी बाहेर आली २००३ मध्ये, आणि अमेरिकेत मोठा गहजब उडाला. त्यानंतर परदेशी विकलेला घोडा निवृत्तीच्या वेळी परत घ्यायची अट काही करारांत दिसू लागली. त्याच काळात मायकल ब्लोवेन या माजी पत्रकाराने केंटकीत ओल्ड फ्रेंड्स नावाचं म्हाताऱ्या घोड्यांचं घर सुरू केलं. १९९७ चा डर्बी विजेता सिल्व्हर चार्म २०१४ मध्ये जपानहून तिथेच परत आला. शेवटच्या दिवसांचा बंदोबस्त जिवंतपणी करणं, हा पुतळ्यापेक्षा मोठा मान आहे असं मी म्हणेन.

मरणानंतरचे प्रश्न मात्र अगदी मातीतले. घोड्याला शांतपणे झोपवायला वापरतात ते औषध मढ्यात बराच काळ टिकून राहतं, आणि ते खाणारी कुत्री, गिधाडंही मरू शकतात. म्हणून खोल खड्डा किंवा दहन. त्याआधी शेपटीची एक बट कापून ठेवतात. खड्ड्याची जागाही कायमची नसते. पैदाशीचा नामांकित घोडा नॉर्दर्न डान्सर नोव्हेंबर १९९० मध्ये मेरीलँडमध्ये मेला. त्याला कॅनडात नेऊन ओशावाच्या विंडफील्ड्स फार्मवर, तो जन्मला होता तिथेच पुरला. २००९ मध्ये फार्म बंद झालं आणि ती जमीन एका विद्यापीठाकडे गेली.

फर्डिनँडमुळे जपानचं नाव वाईट झालं, पण तिथल्या रस्त्यांच्या कडेला मेलेल्या घोड्यांसाठी शेकडो दगड उभे आहेत. त्यांवर घोड्याचं शिर मिरवणारी बातो कान्नोन कोरलेली असते. ही देवता म्हणजे बौद्ध परंपरेतून तिकडे पोचलेला आपला हयग्रीव. लोक घोड्यांच्या थडग्यांवर फुलं ठेवतात, गाजरंही. अमेरिकेतून विकत घेतलेला संडे सायलेन्स २००२ मध्ये होक्काइदोतल्या शादाई स्टॅलियन स्टेशनवर मेला. त्याचा मुलगा डीप इम्पॅक्ट त्याच ठिकाणी ३० जुलै २०१९ रोजी गेला, मानेचं हाड मोडल्यामुळे.

थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतनाची शिंगरं नोंदवतच नाहीत. गोठवलेलं वीर्य नाही, त्यामुळे घोडा गेला की खातं बंद. पण घोडी अकरा महिने गाभण असते, म्हणून शेवटची शिंगरं बापाच्या मागे जन्मतात. २०१९ च्या हंगामात डीप इम्पॅक्टकडे मोजक्याच घोड्या आल्या होत्या. त्यातल्या एकीला २६ जानेवारी २०२० रोजी आयर्लंडमध्ये शिंगरू झालं. त्याचं नाव ऑगस्ट रोदँ. २०२३ मध्ये त्याने एप्सम डर्बी जिंकली. २०२४ च्या अखेरीस टोकियोत त्याला समारंभाने निरोप दिला, आणि आता तो शादाईलाच असतो, जिथे बाप गेला आणि आजाही.