हार्मोन जेल लावलं की कॅन्सर होतोच?

"हार्मोन घेतले की ब्रेस्ट कॅन्सर होतोच" हे ऐकून कितीतरी बायका पाळी गेल्यावर रात्र रात्र घामाने भिजून, झोपेविना काढतायत, खरंच वाईट वाटतं. ही भीती पसरली २००२ च्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातून. त्यातल्या बायकांचं सरासरी वय होतं ६३, आणि औषध आताचं इस्ट्रोजेनचं (पाळी गेल्यावर कमी होणारं बायकांचं हार्मोन) जेल नव्हतंच, गाभण घोडीच्या लघवीतून काढलेलं इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिनची (प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनसारखं कृत्रिम औषध) गोळी होती, तरी वाढ किती, तर वर्षाला १०,००० बायकांमागे साधारण ८ केसेस जास्त. गर्भाशय काढलेल्या, नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांमध्ये तर वाढ दिसलीच नाही.

जेल दंडावर नाहीतर मांडीवर लावायचं, ते त्वचेतून रक्तात जातं, आधी लिव्हरमधून जात नाही म्हणून रक्ताच्या गुठळ्यांचा धोका गोळीपेक्षा कमी. धोका शून्य असं मात्र कुणी सांगू नये, प्रोजेस्टेरॉनसोबत बरीच वर्षं घेतलं तर ब्रेस्ट कॅन्सरची शक्यता थोडी वाढू शकते. आणि गर्भाशय असेल तर प्रोजेस्टेरॉन लागतंच, नुसत्या जेलने आतलं अस्तर वाढत जातं, हे मेडिकलवाला सांगणार नाही, गायनॅककडेच जा. आधी ब्रेस्ट कॅन्सर झालेला असेल किंवा पाळी गेल्यावर परत ब्लीडिंग झालं असेल तर ते डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा.