४३२ची पट्टी आणि कोकणातली पेटी

गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या फोनमध्ये हल्ली आरत्या-भजने दोन तऱ्हांची सापडतात. एक जशी गायली तशी, दुसरी '४३२ हर्ट्झ', म्हणजे आधाराचा सूर सेकंदाला ४३२ कंपनांवर, असा शिक्का मारलेली. दुसरी ऐकली की मन निवते, झोप लागते, असा दावा. संथ करून घुमवलेली 'स्लोड-रिव्हर्ब' गाणीही आली आहेत. त्यांचे मूळ १९९०च्या दशकातल्या ह्यूस्टनच्या डीजे मंडळींपर्यंत जाते, आणि तो प्रकार निदान औषध असल्याचा आव आणत नाही. दोन कानांत दोन वेगळे सूर सोडून मेंदूत तिसरे ठोके उमटवणारे 'बायनॉरल बीट्स' १९व्या शतकापासून माहीत आहेत. त्यांना हेडफोन लागतो, त्यामुळे माजघरातल्या आरतीत त्यांचा शिरकाव झालेला नाही.

वाद आहे तो ४३२चाच.

सगळ्यांनी आधाराचा सूर एकाच कंपनसंख्येवर धरून वाद्ये लावावीत, ही गरज युरोपातल्या वाद्यवृंदांची. फ्रान्सने १८५९ साली कायद्याने ४३५ ठरवली. १९३९ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ४४० मान्य झाली. 'नाझींनी जगावर लादलेला, माणसाला बेचैन करणारा सूर' ही फॉरवर्ड होत फिरणारी कथा याच सालावर उभी आहे. प्रत्यक्षात श्टुटगार्टच्या परिषदेने ४४०ची शिफारस १८३४ सालीच केली होती. १९३९च्या सुमारास इंग्लंडात ४३९ रूढ होती, पण ४३९ ही मूळ संख्या (१ आणि स्वतःखेरीज कशानेच भाग न जाणारी) असल्याने ठरावीक गतीने कंपणाऱ्या क्रिस्टलच्या कंपनांना भागून-गुणून तो सूर विजेवर काढणे अवघड होते. ४४० सहज निघाला. कटापेक्षा पाढेच जास्त कामाला आले, असे म्हणायला हरकत नाही.

आता '४३२वाली फाइल' म्हणजे काय, हे बघू. कोणी मूळ ध्वनिमुद्रण सुमारे १.८ टक्के हळू चालवतो. मग ५ मिनिटांचे भजन साडेपाच सेकंद लांबते आणि सूरही उतरतो. कोणी लय तीच ठेवून सॉफ्टवेअरने फक्त सूर उतरवतो. शिक्का दोन्हींवर एकच, त्यामुळे ऐकणाऱ्याला बरे वाटले ते लयीमुळे की सुरामुळे, हे सांगता येत नाही. आणि हे गणित बरोबर यायला मूळ वाद्य ४४०ला लावलेले हवे. ४४० हा पेटीवरच्या पांढरी सहाचा सूर. भजनी बुवांना विचारा, ते हर्ट्झ सांगणार नाहीत. काळी चार, काळी पाच सांगतील. षड्ज कुठे धरायचा ते गळा ठरवतो. त्यात कोकणातली खारी, दमट हवा. चार पावसाळे काढले की पितळी रीड्स (सूर देणाऱ्या पात्या) हिरवट पडतात, सूर हलतात. दशावतारी नाटकाची पायपेटी तर जत्रांच्या हंगामात टेम्पोतून गावोगाव हिंडते. अशी पेटी मुळात ४४५ला बोलत असेल, तर तेच गणित ४३७च्या आसपास येऊन थांबते. शिक्का मात्र ४३२चाच.

पेटीच्या ठरीव सुरांवर आपल्याकडेही वाद झाला होता, पण तो वेगळा. सरकारी रेडिओवर १९४० ते १९७१ पेटीला बंदी होती. आक्षेप असा, की या वाद्यात मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे) निघत नाही आणि दोन स्वरांमधली अंतरे विलायती. आधारसूर किती कंपनांचा, हा मुद्दाच नव्हता. देवळातल्या भजनांत आणि दशावतारात त्या काळातही पेटी वाजतच होती.

मनावरच्या परिणामाचे म्हणाल, तर इटलीत ३३ जणांना तेच संगीत ४४० आणि ४३२ला ऐकवलेला एक छोटा प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. ४३२ला हृदयाची गती मिनिटाला सुमारे ५ ठोक्यांनी उतरली. रक्तदाबातला फरक ठोस म्हणावा इतका नव्हता. एवढ्या आधारावर पट्टी बदला म्हणणे घाईचे आहे. त्याआधी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २४ जणांना सहा प्रकारचे संगीत ऐकवले होते, त्यात भारतीय रागसंगीतही होते. द्रुत लयीने श्वास आणि ठोके वाढले, संथ लयीने तितके नाही. मधेच २ मिनिटांची शांतता ठेवली, तेव्हा ऐकणारे सुरुवातीपेक्षाही निवांत झाले. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, एक बुवा थांबून दुसरे पेटी पुढे ओढतात, तेवढ्यात अशी उसंत मिळते. फोनवर एक भजन संपते न संपते तोच पुढचे सुरू होते.