शेळ्या, कुत्रे आणि गरिबांची भाकरी

‘फुकट दिलं की माणसं आळशी होतात आणि पोरं वाढवतात.’ लाडक्या बहिणीचे पैसे असोत की रेशनचा तांदूळ, चर्चा रंगली की हे वाक्य येतंच. बोलणाऱ्याला तो स्वतःचा अनुभव वाटतो. पण हा युक्तिवाद सव्वादोनशे वर्षांहून जुना आहे, आणि त्याला निसर्गनियमाचा मुलामा चढवला तो एका बेटावरच्या शेळ्यांनी.

त्या काळी इंग्लंडमध्ये प्रत्येक पॅरिशला, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वस्तीला, कर गोळा करून आपले गरीब पोसावे लागत. 1786 मध्ये जोसेफ टाउनसेंड या पाद्र्याने या कायद्याविरुद्ध पुस्तिका लिहिली आणि दाखला दिला चिलीच्या समुद्रातल्या हुआन फर्नांडिस बेटाचा. तिथे सोडलेल्या शेळ्या भराभर वाढल्या. इंग्लिश चाचे त्यांच्यावर पोट भरू लागले, म्हणून स्पॅनिशांनी कुत्र्यांची एक जोडी बेटावर सोडली. कुत्रे वाढले, शेळ्या घटल्या. चपळ शेळ्या कड्यांवर गेल्या, दुबळ्या संपल्या, सुस्त कुत्रे उपाशी मेले आणि तोल साधला. माणसांची संख्याही अन्नच ठरवतं, भूकच माणसाला कामाला लावते, मदत देऊन हा तोल ढळवू नका, असं टाउनसेंडचं म्हणणं. 1798 मध्ये माल्थस या इंग्लिश अर्थतज्ज्ञाने तोच धागा गणिताच्या भाषेत मांडला.

ही गोष्ट जशीच्या तशी घडली का, याबद्दल शंका घेतल्या गेल्या आहेत. तरी क्षणभर ती खरी धरू. शिकार आणि शिकारी यांचं गणित लोटका आणि व्होल्टेरा या दोन शास्त्रज्ञांनी 1925-26 मध्ये स्वतंत्रपणे मांडलं, आणि ते फार सुंदर आहे. शेळ्यांची वाढ = (जननदर × शेळ्या) − (शिकारदर × शेळ्या × कुत्रे). कुत्र्यांची वाढ = (शिकारीतून मिळणारी वाढ × शेळ्या × कुत्रे) − (मृत्युदर × कुत्रे). तोल म्हणजे दोन्ही वाढी शून्य. दुसरं समीकरण शून्य करून पाहा: शेळ्यांची संख्या ठरते कुत्र्यांच्या मृत्युदरावरून. शेळ्यांचा स्वतःचा जननदर त्यात कुठेच नाही! तो येतो पहिल्या समीकरणात, आणि तिथे ठरते कुत्र्यांची संख्या. म्हणजे शेळ्यांना भरपूर करडं होऊ द्या. दीर्घकाळाच्या सरासरीत शेळ्या तेवढ्याच राहतात, वाढतात ते कुत्रे. टाउनसेंडच्या स्वतःच्या बेटावरही ‘खायला द्या, संख्या वाढेल’ हा सरळ हिशेब चालत नाही.

आणि माणूस शेळी नाही. शेळी गवत पेरत नाही, पाणी अडवत नाही, किती करडं हवीत हे ठरवत नाही. प्राणिशास्त्राचा एखादा दाखला देऊन समाजावर ‘हा निसर्गाचा नियम’ असा शिक्का मारणं ही मला अंधश्रद्धाच वाटते, मग ती कितीही विज्ञानाच्या भाषेत बोलो. इंग्लंडमध्ये 1834 च्या नव्या कायद्याने धडधाकट गरिबांची मदत वर्कहाउसच्या, म्हणजे राबवून घेऊन पोसणाऱ्या गरीबखान्याच्या, दाराआड नेली. तिथलं जिणं बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराहूनही वाईट ठेवायचं, हे तर ठरवूनच. इंग्लंडचा जननदर मात्र ठळकपणे उतरू लागला तो 1870 च्या दशकात. भारतात 1992-93 मध्ये दर स्त्रीमागे सरासरी 3.4 मुलं होती, 2019-21 मध्ये 2.0, महाराष्ट्रात तर 1.7. रेशन या सगळ्या काळात चालूच होतं.

हा विचार आपल्याकडे पोचायलाही वेळ लागला नाही. 1805 पासून माल्थस शिकवत होता ते हेलीबरीच्या कॉलेजात, जिथे ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी घडत. तो गेल्यानंतर काही वर्षांनी तिथेच रिचर्ड टेंपल शिकला, जो पुढे भारतात इंग्रज सरकारचा बडा अधिकारी झाला. 1877 च्या दुष्काळात त्याने मदतकामावरच्या मजुराची रोजी उतरवली: एक पौंड, म्हणजे जेमतेम 450 ग्रॅम धान्य आणि वर किरकोळ पैसे. पुण्याच्या सार्वजनिक सभेने विरोध केला. तिकडे मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश सरकारला बजावत होते, की एवढ्या धान्यावर दिवसभर खडी फोडणारं शरीर तग धरू शकत नाही.