आमार्नाच्या खापऱ्या काय सांगतात?

उत्खननात परदेशी भांडं निघालं की बातमीत लगेच तिथे श्रीमंतांची वस्ती ठरते. इजिप्तच्या बाबतीत तर हमखास. पण खापरी खरोखर परदेशी आहे, हे आधी सिद्ध करावं लागतं. श्रीमंतीचा प्रश्न त्यानंतरचा.

आमार्ना घ्या. फारो अखेनातेनने इ.स.पू. 1350 च्या सुमारास वसवलेली ही राजधानी थोड्याच काळात ओस पडली. 1891-92 मध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना तिथल्या उकिरड्यांत ग्रीसच्या मायसिनी धाटणीच्या हजारांहून अधिक खापऱ्या मिळाल्या. त्यांत सुगंधी तेलाच्या बुधल्याही होत्या. या बुधलीची मधली मान बंद, तिला रिकिबीसारखे दोन कान, आणि तेल ओतायची खरी तोटी शेजारी वेगळी.

आता, धाटणी ग्रीक असली तरी माती ग्रीक असेलच असं नाही. इथे मातीत कोणतं मूलद्रव्य किती आहे ते सांगणारी न्यूट्रॉन अ‍ॅक्टिव्हेशन ही विलक्षण सुंदर पद्धत कामी येते. खापरीची चिमूटभर पूड अणुभट्टीत ठेवतात. तिच्यातलं स्कँडियम-45 एक न्यूट्रॉन गिळतं आणि किरणोत्सारी स्कँडियम-46 बनतं. त्याचा अर्धायुष्यकाल सुमारे 84 दिवस. मातीतल्या सोडियमपासून तसंच बनलेलं सोडियम-24 मात्र 15 तासांत निम्मं होतं, म्हणून काही आठवडे थांबलं की सोडियमचा गोंगाट विरतो आणि स्कँडियमचे 889 व 1120 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरण स्वच्छ मोजता येतात, आणि त्यांवरून स्कँडियमचं प्रमाण कळतं. हाफ्नियम, सिझियम अशा मूलद्रव्यांचंही तसंच. कुंभाराने मातीत वाळू मिसळली तर ही सगळी प्रमाणं साधारण एकाच पटीत घटतात; म्हणून नुसते आकडे न पाहता त्यांची आपसांतली गुणोत्तरं जुळवायची, तीही ठिकाण माहीत असलेल्या खापऱ्यांशी. बॉनमधल्या संशोधकांनी 1992 मध्ये आमार्नाच्या खापऱ्या अशा तपासल्या. माती जुळली ती दक्षिण ग्रीसच्या पेलोपोनीज द्वीपकल्पातल्या मायसिनी-बर्बाटी परिसराशी.

म्हणजे माल खरा परदेशी. पण अशाच बुधल्यांच्या खापऱ्या देर अल-मदिना इथे, राजांची थडगी कोरणाऱ्या कारागिरांच्या गावातही निघाल्या आहेत. श्रीमंतांची खरी दौलत सोन्यारुप्याच्या भांड्यांत असे, आणि ती वितळवून पुन्हा वापरली जात. फुटलेली माती मात्र उकिरड्यात टिकते, म्हणून आपल्या नजरेत तिचं वजन वाढतं.

सायप्रसच्या चिमुकल्या सुरयांचंही असंच झालं. त्यांतल्या एका बंद सुरईत अफूच्या अल्कलॉइडांचे अंश असल्याचं 2018 मध्ये जाहीर झालं. तेवढ्यावरून प्राचीन इजिप्त अफूच्या नशेत बुडाला होता असं सांगणं, ही शुद्ध थापेबाजी आहे. एका सुरईवरून अख्ख्या व्यापाराचं चित्र उभं करता येत नाही.

मला प्रतिष्ठेचा अधिक भक्कम पुरावा वाटतो तो नकलांचा. इजिप्तच्या कारागिरांनी तीच बुधली नाईलच्या मातीत घडवली, फेयान्स या चकचकीत झिलईच्या पदार्थात केली, अलाबास्टर दगडातही कोरली. बंद मान आणि आडवी तोटी दगडात कोरायला किती कष्ट पडले असतील! मातीच्या भांड्यासाठी निघालेला आकार कुणी दगडात कोरून घेतो, तेव्हा त्याला नुसतं तेल नको असतं.