फोर बाय फोरचा डबा खोलायचा, की बदलायचा?

(पिकअपवाल्या ग्राहकांसाठी, आमच्या शहाद्याच्या वर्कशॉपतर्फे)

धडगावकडून उतरलेली गाडी शेडमध्ये येते, ड्रायव्हर खाली उतरतो आणि म्हणतो, "भाऊ, खाले खडखड वाजी ऱ्हायनं." पाठोपाठ हमखास दुसरं वाक्य येतं: कुणीतरी सांगितलंय की ट्रान्सफर केस, म्हणजे फोर बाय फोरचा डबा, गेला, नवीनच टाकावा लागेल. नवीन असेंब्लीला किती पैसे पडतात ते विचारून आलेला माणूस तोंडावरूनच ओळखू येतो. त्यासाठी हा कागद. वाचूनही नवीनच टाकायचा असेल तर टाकून देऊ, पण आधी खोलून बघू.

हा डबा गिअरबॉक्सच्या मागे बसतो. एरवी तो इंजिनची ताकद फक्त मागच्या चाकांना देतो. फोर-एच (नेहमीच्या वेगात चारही चाकांना ताकद) लावला की आतली चेन, काही गाड्यांत गिअर, पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्टही (दांडा) फिरवायला लागते. फोर-एलमध्ये (चारही चाकं, पण हळू) वेग साधारण अडीच पट उतरतो आणि ओढ तेवढीच वाढते.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडच्या बहुतेक फोर बाय फोर पिकअपच्या या डब्यात डिफरेन्शियल (दोन बाजू वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) नसतो. फोर-एच लागला म्हणजे पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले गेले. वळणावर पुढची चाकं मोठा फेरा घेतात, मागची आतून कापतात. काळ्या रानातल्या चिखलात चाक जरासं घसरतं आणि ताण निघून जातो. डांबरावर चाक घसरत नाही, मग तो ताण चेन, बेरिंग आणि क्रॉस (शाफ्टचे सांधे) सोसतात.

मागे एक गाडी पाड्यावरून आमचुराची पोती घेऊन नंदुरबारला गेली. कच्चा रस्ता संपला, डांबर लागलं, पण लिव्हर फोर-एचमध्येच राहिला. परतताना तो हलेना. मालकाने सीटवरून पाय लावून जोर दिला आणि आतला फोर्क (लिव्हरने सरकणारा काटा) वाकवला. अशा वेळी जोर करू नका. गाडी सरळ उभी करा आणि रिव्हर्समध्ये दहा-पंधरा फूट सरळ मागे घ्या. अडकलेला ताण सुटतो आणि लिव्हर बहुतेक वेळा बोटाने निघतो.

टायरचंही तसंच आहे. पुढे नवीन जोडी आणि मागे सहा मिलिमीटर झिजलेली, एवढ्याने घेरात सुमारे ३८ मिलिमीटरचा फरक पडतो. सरळ रस्त्यावर फोर-एचमध्ये एक किलोमीटर गेलात तर दोन्हीकडचा हिशेब सतराएक मीटरने चुकतो. हे सतरा मीटर कुठेतरी घासूनच भरून निघतात. म्हणून चारही टायर एका मापाचे आणि शक्यतो सारख्या झिजेचे ठेवा.

गाडी आल्यावर आम्ही लगेच डबा उतरवत नाही. खडखड किंवा घरघर चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या, म्हणजे प्रॉपेलर शाफ्टच्या, क्रॉसमधून, सेंटर बेरिंगमधून, कधी मागच्या डिफरेन्शियलमधूनही येते आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसून सगळं सारखंच ऐकू येतं. बटणाने लागणाऱ्या फोर बाय फोरमध्ये तर आधी फ्यूज, मग डब्यावरची छोटी मोटर, मग वायरिंग बघायचं. कडब्याच्या गंजीजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीची वायर उंदरांनी कुरतडलेली आम्ही एकदा नाही, कितीदा तरी पाहिली आहे. तेवढ्यासाठी कुणी डबा बदलू नये.

खरी परीक्षा ऑइलची. ड्रेन प्लग तुमच्या समोर काढतो आणि ऑइल पांढऱ्या कापडावर घेतो. प्लगच्या चुंबकावर बारीक, काजळासारखा राखाडी लेप असेल तर ती रोजची झीज आहे. बोटांत चोळल्यावर टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा निघाला तर डबा खोलावाच लागतो. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय. तापलेला डबा नाल्याच्या गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते. ब्रीदर (डब्याची हवा आत-बाहेर जाण्याची नळी) चिखलाने बुजला असेल तर ती सीलमधून पाणी ओढते. पावसाळ्यानंतर ब्रीदर साफ करायला पाच मिनिटं लागतात, पण तेवढं कुणी करत नाही.

ऑइल कोणतं, हे गाडीच्या पुस्तकात बघा. काही डब्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ लाल ऑइल लागतं, काहींना गिअर ऑइल. 'घट्ट टाकलं म्हणजे जास्त टिकेल' हा समज चेनवाल्या डब्याला महागात पडतो.

आता दुरुस्ती कधी? सील, बेरिंग, ताणलेली चेन, वाकलेला फोर्क, झिजलेला सिंक्रो (रेंज अलगद लागू देणारी रिंग), हे सगळं बदलता येतं आणि डबा पुन्हा नीट चालतो. दगड लागून ॲल्युमिनियमचं हाउसिंग तडकलं असेल तर तडा कुठे आहे ते बघायचं. कडेला असेल तर आर्गॉन वेल्डिंगने भरतो. बेरिंग बसते त्या जागेतून गेला असेल, किंवा बेरिंग हाउसिंगमध्ये फिरून ती जागाच सैल झाली असेल, तर आम्ही वेल्डिंग करत नाही, तुम्ही कितीही म्हणालात तरी. तिथे हाउसिंग किंवा पूर्ण डबा बदलणंच बरं.

जुना डबा भंगारातून आणणार असाल तर आणण्याआधी आमच्या माणसाला सोबत न्या. पुढचा शाफ्ट कोणत्या बाजूला निघतो, स्प्लाइन (शाफ्टवरचे दाते) किती, लिव्हरचा की मोटरचा, हे जुळलं नाही तर तो डबा नुसतं वजन. हाताने फिरवून तिन्ही रेंज (नुसती मागची चाकं, फोर-एच, फोर-एल) लावून बघायच्या, शाफ्ट आत-बाहेर हलवून बघायचा, आणि पक्कं बिल घ्यायचं.

आमची पद्धत अशी: खोलल्यावर खर्च सांगतो, तुम्ही हो म्हटल्याशिवाय पुढे जात नाही, आणि काढलेले पार्ट पिशवीत घालून परत देतो. बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीला बांधून चाकांवर लांबून ओढत आणू नका. दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट काढा, नाहीतर सरळ दुसऱ्या गाडीवर चढवून आणा.

आणि येताना खालून धुऊन आणू नका. ऑइल कुठून गळतं ते चिखलावरच नीट दिसतं.