हललेलं की गेलेलं? नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकल्यावर आधी हे ओळखा

कॉम्प्युटरवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली की पहिले काही दिवस एकच तक्रार ऐकू येते: ‘अमुक तर काढूनच टाकलंय यांनी!’ कधी ते खरंच काढलेलं असतं. पण बऱ्याचदा ते शाबूत असतं, फक्त दुसऱ्या मेनूत जाऊन बसलेलं असतं. समोरून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात, कारण इतकी वर्षं जिथे हात जायचा तिथे आता काहीच नसतं.

इलाज मात्र अगदी वेगळे आहेत. हललेल्या गोष्टीची नवी जागा शिकून घेतली की काम झालं. गेलेल्या गोष्टीला पर्याय शोधावा लागतो, आणि तो सापडत नसेल तर जुन्या सिस्टीमवर परत जायचं का, हे ठरवावं लागतं. हललेल्याला गेलेलं समजणारा माणूस उगाच कुठली कुठली सॉफ्टवेअर उतरवून घेतो. गेलेल्याला हललेलं समजणारा सेटिंग्जची पानं उलटत अख्खी संध्याकाळ घालवतो, आणि हाती काही लागत नाही.

विंडोज १० वरून ११ वर येणाऱ्यांचं उदाहरण घेऊ, कारण सध्या सर्वाधिक गोंधळ तिथेच दिसतो. एखाद्या फाइलवर राइट क्लिक करा. जुनी लांबलचक यादी दिसत नाही, त्याऐवजी आटोपशीर मेनू उघडतो. कट, कॉपी, रिनेम, डिलीट हे शब्द यादीत शोधत राहिलात तर सापडायचे नाहीत, कारण ते मेनूच्या कडेला एका ओळीत छोटी चित्रं होऊन बसले आहेत. या चित्रांवरून लोकांचा इतका गोंधळ उडाला, की २०२४ च्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने त्यांच्याखाली नावं लिहिली. झिप करण्याचं तुमचं नेहमीचं सॉफ्टवेअर, प्रिंटरवाल्याने दिलेला पर्याय, असलं बरंच काही यादीत दिसत नाही. पण ते गेलेलं नाही. सगळ्यात खाली ‘शो मोअर ऑप्शन्स’ आहे, ते दाबलं की जुना मेनू जसाच्या तसा समोर येतो. शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं तर तो थेटच उघडतो. ही एवढी एक गोष्ट कळली की निम्मी चिडचिड तिथल्या तिथे थांबते.

आता त्याच पडद्यावरचा टास्कबार, म्हणजे स्टार्टचं बटण आणि उघडलेले प्रोग्रॅम दाखवणारी पट्टी, पाहा. ज्यांनी वर्षानुवर्षं तो डाव्या किंवा वरच्या कडेला लावला होता, त्यांना २०२१ मध्ये विंडोज ११ आली तेव्हा तशी सोयच मिळाली नाही. ही सोय कुठे हललेली नव्हती, टास्कबार नव्याने लिहिताना ती गाळली गेली होती. असं काही दिसलं की सेटिंग्ज धुंडाळण्यात अर्थ नसतो. पण स्टार्टचं बटण मधोमध आलंय ही तक्रार वेगळ्या खात्यात जाते. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, त्यात टास्कबार, त्यात टास्कबार बिहेवियर्स, आणि तिथे अलाइनमेंट ‘लेफ्ट’ करायची. स्टार्ट पुन्हा कोपऱ्यात.

मी तर म्हणेन, पहिल्याच दिवशी हे करून टाका. मधोमध ठेवलेल्या टास्कबारवर जितके प्रोग्रॅम उघडाल तितकं स्टार्टचं बटण डावीकडे सरकत जातं, त्यामुळे हाताला त्याची जागा कधीच पाठ होत नाही. कोपऱ्यातलं बटण मात्र न बघताही सापडतं. माउस खाली डावीकडे भिरकावला की झालं. दिसायला मधलं छान दिसत असेल, कामाला कोपराच बरा.

एकाच कॉम्प्युटरवरच्या, एकाच टास्कबारच्या या दोन तक्रारी. नुसत्या पडद्याकडे बघून त्यांतला फरक कळत नाही.

मग ओळखायचं कसं? माझा पहिला उपाय जुन्या नावाने हाक मारण्याचा. विंडोजचं बटण दाबून गोष्टीचं पूर्वीचं नाव टाइप करायचं. शोधात आली तर ती हललेली आहे. तिथे नाही आली तर विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबून ‘रन’ची चौकट उघडायची आणि जुनी आज्ञा द्यायची. ‘कंट्रोल’ लिहा, कंट्रोल पॅनल उघडतं. ‘एनसीपीए डॉट सीपीएल’ (ncpa.cpl) लिहिलं की नेटवर्क कनेक्शनची जुनी खिडकी येते, आणि ‘एमएमसिस डॉट सीपीएल’ने (mmsys.cpl) आवाजाची. सेटिंग्जच्या नव्या पानांवर ज्यांचा जीव गुदमरतो, त्यांना या खिडक्या पाहून हायसं वाटतं. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर सेटिंग्जचं वेगळं पान आलं, तेव्हापासून कंट्रोल पॅनल आणि सेटिंग्ज असे दोन संसार शेजारी शेजारी चालू आहेत, आणि एकेक गोष्ट हळूहळू पहिल्यातून दुसऱ्यात जाते आहे. म्हणून एका आवृत्तीत जे कंट्रोल पॅनलमध्ये होतं ते पुढच्या आवृत्तीत तिथे दिसेलच असं नाही. हे हलणं अजून संपलेलं नाही.

उलट २०२४ च्या आवृत्तीवर ‘वर्डपॅड’ अशी हाक मारून बघा. असा प्रोग्रॅम सापडत नाही, असं उत्तर येतं. विंडोज ९५ पासून सोबत असलेला हा प्रोग्रॅम त्या आवृत्तीत काढून टाकला गेला. साध्या मजकुरासाठी नोटपॅड आहे. फॉरमॅट केलेल्या फाइलींसाठी वर्ड किंवा फुकटचं लिब्रेऑफिस घ्यावं लागतं. इथे शोध थांबवायचा आणि पर्यायाला लागायचं.

वर्डपॅडची गोष्ट मध्येच उद्भवली नव्हती. २०२३ मध्येच मायक्रोसॉफ्टने त्याला ‘डेप्रिकेटेड’ ठरवलं होतं, म्हणजे अजून चालतंय, पण पुढे त्यावर काम होणार नाही आणि कधीतरी ते काढलं जाईल. कंपनी या दोन याद्या वेगवेगळ्या ठेवते: डेप्रिकेटेड गोष्टींची एक, काढलेल्या गोष्टींची दुसरी. पहिल्या यादीतली गोष्ट आज व्यवस्थित चालते, म्हणून कुणी लक्ष देत नाही. रोजचं काम जिच्यावर अवलंबून आहे अशी एखादी गोष्ट तुमच्याकडे असेल, तर मोठं अपडेट घेण्याआधी या याद्यांवर नजर टाकलेली बरी.

कधीकधी एकच वस्तू दोन्ही खात्यांत पडते. इंटरनेट एक्सप्लोररचा आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणारी अपडेट, १५ जून २०२२ रोजी विंडोज १० च्या बहुतेक आवृत्त्यांवर संपला, आणि विंडोज ११ मध्ये तो वेगळा ब्राउझर म्हणून मिळतच नाही. म्हणजे गेला. पण जुन्या पद्धतीने बांधलेली एखादी कार्यालयीन साइट फक्त त्यातच उघडत असेल, तर एज ब्राउझरमध्ये ‘आयई मोड’ आहे, आणि तो किमान २०२९ पर्यंत चालू ठेवू असं मायक्रोसॉफ्टने म्हटलं आहे. ब्राउझर गेला, त्याचं काम एजमध्ये हललं.

आता सगळ्यात घाबरवणारा प्रकार. अपग्रेडनंतर किंवा नव्याने खातं जोडल्यावर एक दिवस डेस्कटॉप रिकामा दिसतो. फोटो, हिशेबाच्या फाइली, अर्धवट लिहिलेला अर्ज, काहीच नाही. पोटात गोळा येतो, आणि लगेच डेटा परत मिळवून देणाऱ्या सॉफ्टवेअरचा शोध सुरू होतो. थांबा. बहुतेकदा झालेलं असतं ते असं: सेटअप करताना वनड्राइव्हचा (इंटरनेटवर फाइली ठेवण्याची मायक्रोसॉफ्टची सेवा) ‘बॅकअप’ चालू झाला, आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे फोल्डर वनड्राइव्हच्या फोल्डरात गेले. पुढे कुणीतरी तो बॅकअप बंद केला की विंडोज पुन्हा मूळ डेस्कटॉप दाखवायला लागते, आणि फाइली राहतात वनड्राइव्हमध्येच. फाइल एक्सप्लोररमध्ये सी ड्राइव्ह, युजर्स, तुमचं नाव, वनड्राइव्ह, आणि त्याच्या आत डेस्कटॉप अशा वाटेने जा. सगळं तिथे सापडतं.

तिथे आणखी एक बारकावा आहे. फाइलीशेजारी निळ्या रेघेचा ढग दिसला तर ती फाइल फक्त इंटरनेटवर आहे, कॉम्प्युटरवर उतरलेली नाही. नेट बंद असताना ती उघडणार नाही. हिरवी खूण असेल तर ती कॉम्प्युटरवरही आहे. ढगवाली फाइल ‘कॉम्प्युटरवर दिसतेय म्हणजे आहे’ असं समजून खातं बंद केलं, तर मात्र हललेल्या फाइलीची खरोखरच गेलेली फाइल होऊ शकते. म्हणून आधी सगळं उतरवून घ्यायचं, मग खात्याला हात लावायचा. या एका जागी घाई करू नये, बाकी बहुतेक ठिकाणी चुकलं तरी निस्तरता येतं.

मॅकवाल्यांची कहाणी याहून वेगळी नाही. २०२२ च्या व्हेंच्युरा आवृत्तीत ‘सिस्टीम प्रेफरन्सेस’ची चित्रांची चौकट जाऊन फोनसारखी उभी यादी असलेलं ‘सिस्टीम सेटिंग्ज’ आलं. ओरड खूप झाली, पण जवळपास सगळं हललेलं होतं आणि वरच्या शोधचौकटीत नाव टाइप केलं की सापडत होतं. त्याआधी २०१९ च्या कॅटालिनामध्ये ३२-बिट, म्हणजे जुन्या पद्धतीने बांधलेली, ॲप चालणंच बंद झालं. ते खऱ्या अर्थाने गेलं. त्यासाठी कुठेही बटण नाही, ॲप बनवणाऱ्याने ६४-बिट आवृत्ती दिली असेल तर ठीक, नाहीतर दुसरं ॲप. गंमत म्हणजे त्याच कॅटालिनात आयट्यून्सही दिसेनासं झालं आणि दोन्ही तक्रारी एकाच सुरात झाल्या. पण आयट्यून्सचं नुसतं विभाजन झालं होतं. गाणी म्युझिकमध्ये, पॉडकास्ट वेगळ्या ॲपमध्ये, आणि आयफोनचा बॅकअप फाइंडरमध्ये, म्हणजे मॅकच्या फाइली दाखवणाऱ्या खिडकीत. २०२५ च्या टाहोमध्ये सगळी ॲप पडदाभर मांडून दाखवणारं लाँचपॅड गेलं आणि ‘ॲप्स’ नावाची नवी चौकट आली. ॲप उघडायचं काम तिथे होतं, पण फोल्डर करून हाताने लावलेली जुनी मांडणी गेली ती गेलीच.

काही बदल या दोन्हीत बसत नाहीत. २०११ च्या लायनमध्ये ॲपलने स्क्रोलची दिशा उलटी केली. वस्तू जागेवर, सोय जागेवर, फक्त आधीपासून लावून दिलेला पर्याय बदलला. एक खूण काढली की जुनी दिशा परत. अशा बदलाला मी तरी दोन आठवडे द्यायला सांगतो, कारण हाताला सवय लागते. नाही लागली तर खूण काढायला कितीसा वेळ लागतो?

गेलेली गोष्ट कायमची जाते असंही नाही. २०१२ मध्ये विंडोज ८ ने स्टार्टचं बटणच काढलं. पुढच्या वर्षी ८.१ मध्ये बटण परतलं, पण ते दाबल्यावर पुन्हा तो पूर्ण पडदाभर चौकटींचा स्टार्ट यायचा. खरा मेनू आला तो जुलै २०१५ मध्ये, विंडोज १० बरोबर. विंडोज ११ मध्येही हेच झालं. फाइल ओढून टास्कबारवरच्या प्रोग्रॅमवर सोडण्याची सोय २०२१ मध्ये नव्हती, २०२२ मध्ये परत आली. प्रत्येक खिडकीचं वेगळं नावासकट बटण दाखवण्याची सोय २०२३ मध्ये परतली. त्यामुळे विंडोज ११ विषयी जुनी माहिती वाचून ‘हे होतच नाही’ असं मानू नका. माहिती कधीची आहे ते आधी पाहा.

गेलेलं परत आणून देतो म्हणणारी बाहेरची सॉफ्टवेअरही मिळतात. विंडोज ८ च्या काळात जुना स्टार्ट मेनू परत देणाऱ्या क्लासिक शेलने अनेकांना तारलं, हे खरंच. पण टास्कबारच्या अंतरंगात हात घालणारी साधनं मोठ्या अपडेटनंतर बिघडू शकतात, आणि मग कॉम्प्युटर चालू होऊनही टास्कबारच दिसत नाही. ज्यांना अशा वेळी स्वतः दुरुस्ती करता येते त्यांनी ती जरूर वापरावीत. आईवडिलांच्या कॉम्प्युटरवर मी ती टाकणार नाही.

हा सगळा निवाडा लवकर करायला हवा, याला एक रोकडं कारण आहे. विंडोज १० वरून थेट ११ वर अपग्रेड केलं असेल, तर सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी या वाटेने ‘गो बॅक’ मिळतं, पण फक्त पहिले १० दिवस. त्यानंतर जुन्या सिस्टीमचा ‘विंडोज डॉट ओल्ड’ हा फोल्डर पुसला जातो आणि परतीची ती वाट बंद होते. म्हणून पहिल्याच आठवड्यात रोजची सगळी कामं एकदा करून पाहा: प्रिंट, स्कॅन, टॅक्सचं सॉफ्टवेअर, मराठी टायपिंग, बँकेचं डिजिटल सर्टिफिकेट. जे अडेल त्याला जुन्या नावाने हाक मारा. हललेलं असेल तर निवांत शिका, त्यासाठी मागे फिरू नका. जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर नव्या सिस्टीमवर चालतच नाही, असं काही खरोखर गेलेलं निघालं आणि त्यावाचून काम अडत असेल, तरच परतीचा विचार करा, आणि तोही विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे हे लक्षात ठेवून. हे १० दिवस संपेपर्यंत जागा मोकळी करायला म्हणून डिस्क क्लीनअप चालवलंत तर ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’पुढची खूण तेवढी काढून ठेवा.